लक्ष्मीबाई टिळक : एका संसाराची कसोटी

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र मी लिहावे, असे अध्यक्षबाईंनी सुचविले. माझे शिक्षण जेमतेम सातवीपर्यंत झालेले. कुणाविषयी लिहावे या विचारात असताना 'स्मृतिचित्रे' हे लक्ष्मीबाई टिळकांचे पुस्तक आठवले. ज्या बाईंनी शाळेचे तोंडही पाहिले नाही, त्यांनी एवढे मोठे पुस्तक लिहिले. मग मी चार ओळी लिहायला काय हरकत आहे?

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर येथे झाला. त्या माहेरच्या गोखले. सत्तावनच्या बंडानंतर त्यांच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, सरकारने फाशी दिले. त्याचा त्यांच्या वडिलांच्या मनावर असा परिणाम झाला, की ते सोवळ्याओवळ्याच्या मागे लागले. बाहेरून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात यायचा नाही. घरातल्या बायकांचा जीव त्यापायी मेटाकुटीला येई. विटाळाची भीती म्हणजे काय, हे लक्ष्मीबाईंनी बाळपणीच असे पाहिले होते. पुढच्या आयुष्यात त्यांना जे सोडावे लागले ते किती खोल रुजलेले होते, हे कळावे म्हणून एवढे सांगितले.

अकराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक मोठे कवी, विद्वान आणि मनाने उदार. परंतु तापट आणि लहरी! मनात आले की घर सोडून निघावे, हातात पैसा आला की दुसऱ्याची नड भागवावी आणि घरात चूल कशी पेटेल याचा विचार बायकोने करावा. लिहायवाचायला मात्र लक्ष्मीबाईंना त्यांनीच शिकविले. नवऱ्याचे गुण आणि दोष, दोन्ही लक्ष्मीबाईंनी हसत हसत सांगितले आहेत. पण त्यात कडवटपणा कोठेही नाही.

१८९३ साली टिळक राजनांदगावला निघाले असता आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाची गाठ पडली. त्याने त्यांना बायबलातील नवा करार वाचावयास दिला. डोंगरावरील प्रवचन वाचून टिळकांचे मन तिकडे ओढले गेले. पुढे दोन वर्षे त्यांच्या मनात झगडा चालला होता आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

भगिनींनो, त्या वेळी लक्ष्मीबाई अवघ्या सव्वीस वर्षांच्या होत्या. पदरी दत्तू हा लहान मुलगा. नवरा जिवंत, पण समाजाच्या दृष्टीने तो गेल्यातच जमा. दुःखाने त्यांची प्रकृती ढासळली. लोक नाना तऱ्हेचे सल्ले देत. अशा वेळी थोरली बहीण भिकूताई आणि मेहुणे नानासाहेब पेंडसे यांनी त्यांना आणि दत्तूला सांभाळले. चार माणसे काय म्हणतील याचा विचार करून या बहिणीने दार लावून घेतले असते, तर लक्ष्मीबाई कोठे गेल्या असत्या?

चारपाच वर्षांनी लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन अहमदनगरास नवऱ्याकडे आल्या. पण धर्म त्यांनी बदलला नव्हता. आपले सोवळे आणि आपला स्वयंपाक त्यांनी वेगळा ठेवला. एका संसारात दोन धर्म नांदू लागले. टिळकांसारख्या तापट माणसाने या बाबतीत बायकोवर सक्ती केली नाही, हे मला त्यांच्या सगळ्या कवितांहून मोठे वाटते. आणि लक्ष्मीबाईही केवळ नवरा गेला म्हणून त्याच्या मागोमाग गेल्या नाहीत.

पुढे राहुरीस असताना त्यांच्या मनात जातीविषयी विचार सुरू झाले. माणसे देवानेच केली, तर एकाच्या हातचे पाणी चालते आणि दुसऱ्याचे चालत नाही, हे कोणी ठरविले? कोणाचे प्रवचन ऐकून नव्हे, तर आपल्याच मनाशी उलटसुलट बोलून त्या निर्णयाला आल्या. आधी जात सुटली, मग धर्म बदलला. १९०० साली राहुरीस त्यांनी आणि दत्तूने बाप्तिस्मा घेतला.

त्यानंतर त्यांचे घर सर्वांचे झाले. टिळक अनाथ मुले घरी घेऊन येत आणि लक्ष्मीबाई त्यांची आई होत. बालकवी ठोमरे हेही या घरात राहिले होते. प्लेगच्या दिवसांत लोक आपल्याच माणसांपासून दूर पळत, तेव्हा लक्ष्मीबाईंनी आजारी मुलींची शुश्रूषा केली. लहानपणी ज्या घरात मिठासाखरेचाही विटाळ मानीत, त्या घरातली ही मुलगी! धर्म तोंडाने सांगण्याचा नसून हाताने करण्याचा आहे, हे त्यांच्या चरित्रातून दिसते.

टिळकांनी रचलेली भजने मराठी ख्रिस्ती मंदिरांत आजही गातात. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' सुरू केला. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले. लक्ष्मीबाई खचल्या नाहीत. त्यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात काम केले, काही काळ मुलाकडे कराचीस राहिल्या. टिळकांनी 'ख्रिस्तायन' या काव्याचे थोडेच अध्याय लिहिले होते. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचून ते पुरे केले. 'स्मृतिचित्रे'चे भाग १९३४ पासून प्रसिद्ध झाले आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला.

हे चरित्र मला आपल्यासाठी का महत्त्वाचे वाटले, ते सांगते. आपले पिंपरी-चिंचवड पूर्वी मोरया गोसावींच्या समाधीमुळे लोकांना ठाऊक होते. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, मागून आणखी कारखाने आले आणि नोकरीसाठी चहूकडून माणसे आली. आज एकाच जिन्यावर एका दाराला तोरण असते आणि शेजारच्या दारावर क्रूस. एकमेकींकडे वाटीभर साखर मागायला आपण जातो; पण मुलांच्या लग्नाची गोष्ट निघाली की आपली मने आखडतात.

मीही त्यातलीच. माझ्या भाचीने ख्रिस्ती मुलाशी लग्न केले तेव्हा मी लग्नाला गेले नाही. तिने दोनदा निरोप धाडला होता. माझ्या बहिणीने रडून डोळे सुजविले, पण मी तिला धीर द्यायचा सोडून दोष दिला. 'स्मृतिचित्रे' वाचताना भिकूताईंपाशी आले आणि पुस्तक मिटून ठेवावे लागले. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या बाईला जे जमले, ते मला जमले नव्हते.

या दिवाळीत फराळाचा डबा घेऊन मी भाचीकडे गेले. तिच्या सासूबाईंनी उठून मला बसायला खुर्ची दिली. नाताळात त्यांनी करंज्या आणि केक पाठविला. धर्म कोणाचाही बदलला नाही, नाते मात्र जुळले.

आपापल्या देवावर निष्ठा असावीच. पण तिच्यापायी घरातले माणूस तुटू नये, आणि घरातल्या माणसावर तिची सक्तीही होऊ नये. लक्ष्मीबाईंनी आणि टिळकांनी हे फार सोसून साधले. मंडळाच्या वर्धापनदिनी त्या माउलीच्या स्मृतीला माझे विनम्र अभिवादन.