राष्ट्राध्यक्षांच्या टाळूतली गाठ नेमकी कसली होती? उत्तर मिळायला लागली ८७ वर्षं

१ जुलै १८९३. न्यूयॉर्कजवळच्या समुद्रात ओनायडा नावाची एक आलिशान नौका संथपणे चालली होती. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड सुट्टीवर निघालेत, असंच लोकांना वाटत होतं. प्रत्यक्षात नौकेवर डॉक्टर त्यांच्या वरच्या जबड्याचा डावीकडचा भाग कापून काढत होते.

कोण होते क्लीव्हलँड?

१८३७ मध्ये न्यू जर्सीत एका धर्मोपदेशकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. कॉलेजात न जाताच ते वकील झाले. १८८२ मध्ये बफेलोचे महापौर, १८८३ मध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर आणि १८८५ मध्ये थेट राष्ट्राध्यक्ष. १८८८ ची निवडणूक हरले, १८९२ ची पुन्हा जिंकले. मध्ये खंड पडूनही दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष झालेले ते पहिलेच.

लपवाछपवी कशासाठी?

१८९३ मध्ये टाळूवर खरबरीत चट्टा दिसला. त्याचा तुकडा रुग्णाचं नाव न सांगता तपासायला पाठवला गेला. अहवालात कॅन्सरची शंका होती. तेव्हा देशावर मोठं आर्थिक संकट होतं. सरकारी चांदीखरेदीचा कायदा क्लीव्हलँड यांना रद्द करायचा होता, तर उपराष्ट्राध्यक्ष चांदीच्या बाजूचे होते. आजाराची बातमी फुटली तर बाजार कोसळेल, ही भीती होती.

शस्त्रक्रिया तोंडातूनच झाली. बाहेर व्रण नाही, मिशीलाही धक्का नाही. पुढे टाळूच्या पोकळीत रबराचा साचा बसवला आणि बोलणं पूर्ववत झालं. ऑगस्टमध्ये ई. जे. एडवर्ड्स या पत्रकाराने बातमी छापली, पण ती साफ नाकारण्यात आली. खरं लिहिणारा माणूस खोटा ठरला. १९१७ मध्ये शस्त्रक्रियेत सहभागी असलेल्या डॉ. कीन यांनी सगळं जाहीर केलं, तेव्हा कुठे एडवर्ड्स खरे ठरले.

मग शंका कसली?

क्लीव्हलँड १९०८ मध्ये वारले, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर १५ वर्षं जगले. गाठ परत आली नाही. म्हणून पुढे काही डॉक्टरांना वाटलं, ही लाळग्रंथीची साधी गाठ असेल.

हा तर्क हवेतला नव्हता. लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात, पण ओठ, गाल आणि टाळूच्या आतल्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथीही असतात. या बारीक ग्रंथींच्या गाठी सर्वाधिक टाळूवरच आढळतात. त्यातल्या काही साध्या असतात, काही कॅन्सरच्या. दुखत नाही म्हणजे साधीच, असंही नसतं. नुसतं बघून किंवा बोटाने चाचपून फरक सांगता येत नाही.

शेवटी काय निघालं?

काढलेला भाग फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयात जपून ठेवला होता. त्याची पुन्हा तपासणी झाली आणि १९८० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गाठ लाळग्रंथीची नव्हती. तो व्हेरुकस कार्सिनोमा होता, म्हणजे कॅन्सरच, पण हळू वाढणारा आणि सहसा शरीरात न पसरणारा. क्लीव्हलँड इतकी वर्षं का जगले, याचा उलगडा इथे होतो.

कॅन्सर हा एकच शब्द पुरेसा नसतो, तो कुठल्या प्रकारचा आहे यावर पुढचं बरंच ठरतं. म्हणून तोंडातली गाठ किंवा चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तर अंदाज बांधत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. त्यांनी तुकडा तपासायला सांगितला, तर घाबरून टाळू नका.