पाट्या रंगवणारा होता होता...

थोरांची चरित्रे आपण शाळेत असल्यापासून वाचत आलो आहोत. त्यांत बहुधा लढाया असतात, सत्याग्रह असतात, सिंहासने असतात. ज्या गृहस्थांविषयी मी लिहिणार आहे, त्यांनी डबक्यातला गाळ आणि ओल्या भिंतीवरचे शेवाळ पाहण्यात उमेदीची वर्षे घालवली. त्यांचे नाव जोसेफ लायडी. मी कला शाखेचा विद्यार्थी. पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी मातीतील सूक्ष्मजीवांची माहिती शोधताना त्यांची गाठ पडली आणि ते एकदम घरचेच वाटले.

जोसेफचा जन्म १८२३ साली अमेरिकेत फिलाडेल्फियात झाला. वडील टोप्या बनवणारे कारागीर. आई लहानपणीच वारली, सावत्र आईने वाढवले. मुलाचा हात चित्रकलेत चांगला होता. वडिलांना वाटे, याने दुकानांच्या पाट्या रंगवाव्यात. सावत्र आईने मात्र त्याला डॉक्टर करायचा हट्ट धरला. सावत्र आईविषयी आपण काय काय ऐकलेले असते! येथे तिच्यामुळेच पोरगा शिकला आणि १८४४ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून डॉक्टर झाला.

हे वाचताना मी थबकलो. माझे वडील पाट्याच रंगवतात. दहावीनंतर त्यांनी माझ्या हातात ब्रश दिला होता. फ्लेक्स आल्यापासून कामे कमी झालेली, दोन हात जास्त हवे होते. आईने तो ब्रश काढून घेतला आणि कॉलेजच्या फीसाठी भिशीचे पैसे उचलले. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच.

लायडींचे मन दवाखान्यात रमले नाही. १८५३ पासून ते विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते, ते अखेरपर्यंत. डुकराच्या मांसात ट्रिकिना हा जंत असतो, हे त्यांनी १८४६ साली दाखवले. न्यू जर्सीतील हॅडनफील्ड येथे निघालेल्या हाडांवरून त्यांनी १८५८ साली हॅड्रोसॉरस या डायनोसॉरचे वर्णन केले. पुढे कोप आणि मार्श हे दोन धनवान संशोधक जीवाश्मांसाठी पैसा ओतू लागले, एकमेकांशी हाडवैर करू लागले. पगारावर जगणाऱ्या लायडींचा तेथे काय पाड लागणार? ते भांडत बसले नाहीत. हाडांचा नाद सोडून ते पुन्हा सूक्ष्मदर्शकाकडे वळले.

लांब काठीला पत्र्याची पळी बांधायची, डबक्याच्या तळाचा वरवरचा गाळ अलगद उचलायचा आणि थेंबाथेंबाने तपासायचा, अशी त्यांची रीत. न्यू जर्सीच्या दलदली त्यांनी धुंडाळल्या, १८७७ साली युइंटा पर्वतापर्यंत गेले. अमीबा व त्यांचे भाईबंद केवळ तळ्यात नसतात. झाडाच्या मुळाशी, शेवाळात, शहरातल्या जुन्या भिंतींच्या आणि फरसबंदीच्या फटींतही असतात, असे त्यांनी नोंदवले.

नवी जात शोधणे म्हणजे केवळ दिसणे नव्हे. कवच कशाचे, छद्मपाद कसे निघतात, माप किती, पूर्वी कोणी वर्णन केले आहे काय, हे सारे ताडून पाहायचे, चित्र काढायचे, नाव द्यायचे आणि छापायचे. पिवळसर पारदर्शक कवचाच्या आत हिरवे शैवाल बाळगणाऱ्या एका जीवाला त्यांनी फुलपाखरावरून हायलोस्फेनिया पॅपिलिओ असे नाव दिले. त्या नावापुढे आजही लायडी असे लिहितात. १८७९ साली त्यांचा गोड्या पाण्यातील ऱ्हायझोपॉडांवरील ग्रंथ निघाला. त्यात ४८ चित्रफलक आहेत. अशा शोधासाठी महागडी उपकरणे लागतात, हा समज खोटा आहे, असे त्यांनी त्यात आवर्जून सांगितले. त्यांचे काम साध्या सूक्ष्मदर्शकावरच झाले. १८९१ साली ते वारले.

मातीतले अमीबा जिवाणूंना खातात आणि त्यांच्यातला नायट्रोजन पिकांच्या मुळांना मोकळा करून देतात, हे आज आपल्याला ठाऊक आहे. पायाखाली एवढे राबणारे जग आहे, याची मला कल्पनाच नव्हती. पावसाळ्यात मी आमच्या मोरीमागच्या भिंतीवरचे शेवाळ खरवडून सरांकडे नेले. सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ काहीच दिसेना. मग एक पारदर्शक ठिपका हलला, त्याला एक पाय फुटला, आणि तो त्या पायात ओघळून पुढे गेला.

त्या रात्री मोबाइलवर लायडींचे चित्रफलक मी वडिलांना दाखवले. त्यांना अमीबा माहीत नाही. पण रेषा माहीत आहे. ते बराच वेळ बोट लावून एकेक चित्र मोठे करून पाहत राहिले आणि म्हणाले, की या माणसाचा हात पाट्या रंगवणाऱ्याचाच आहे, फक्त त्याला कोणीतरी वेळेवर शाळेत घातले. आई चुलीपाशी होती. तिने वर पाहिले नाही, पण तिने ऐकले, हे मला कळले.