कोर्टातला शास्त्रज्ञ : विल्यम ग्रोव्ह

फ्युएल सेलचा चॅप्टर आला की विल्यम रॉबर्ट ग्रोव्ह हे नाव येतंच. आपण ते पाठ करतो, दोन मार्क मिळवतो आणि विसरून जातो. पण हे गृहस्थ पेशाने वकील होते, आणि आज मोबाईलच्या काचेवर ऑक्साईडचा पातळ थर ज्या पद्धतीने बसवतात तिची पहिली खूण त्यांनाच दिसली होती, हे किती जणांना माहीत आहे?

ग्रोव्ह यांचा जन्म ११ जुलै १८११ रोजी वेल्समधल्या स्वान्सी इथे झाला. ऑक्सफर्डला शिकून १८३५ साली ते वकील झाले. पण तब्येत साथ देईना, म्हणून वकिली बाजूला राहिली आणि ते विज्ञानाकडे वळले. १८३९ मध्ये त्यांनी जस्त आणि प्लॅटिनमची जोरदार बॅटरी बनवली. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या टेलिग्राफला वीज पुरवली ती हिनेच. १८४२ मध्ये हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज देणारी गॅस बॅटरी आली. तोच आपला फ्युएल सेल. लंडन इन्स्टिट्यूशनमध्ये ते प्रोफेसरही झाले. पण संसार वाढत होता आणि नुसत्या विज्ञानावर घर चालत नव्हतं. १८४६ मध्ये त्यांनी ती जागा सोडली आणि पुन्हा वकिलीचा काळा कोट चढवला.

इथे गोष्ट संपली असती, पण प्रयोग काही थांबले नाहीत. १८५२ साली त्यांनी काचेच्या भांड्यात चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा ठेवला, वर सुईसारखं टोक आणलं, आतली हवा जवळजवळ काढून टाकली आणि थोडा हायड्रोजन-हवेचा मिश्र वायू ठेवून विजेचा डिस्चार्ज सोडला. पत्रा पॉझिटिव्ह असताना त्यावर ऑक्साईडचा डाग पडला आणि त्याभोवती पिवळी, नारिंगी, निळी अशी रंगीत वलयं उमटली. पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर दिसतात ना, तसलेच रंग! पातळ थराच्या वरून आणि खालून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो, म्हणून जाडी बदलली की रंग बदलतो. मग त्यांनी कनेक्शन उलटं केलं, तर डाग पुसला जाऊन पत्रा पुन्हा चकचकीत! पुढे अजून एक गोष्ट लक्षात आली. निगेटिव्ह टोकाचा धातू झिजतो आणि त्याचे कण उडून समोर जाऊन बसतात. यालाच आपण स्पटरिंग म्हणतो.

कुणी दुसरा असता तर डाग पुसून भांडं धुवून ठेवलं असतं. ग्रोव्ह यांनी साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तशी त्या डागाची घेतली. गॅस बदलला, टोकं बदलली, आणि सगळं लिहून काढलं.

दिवसा मात्र कोर्ट होतंच. १८५६ मध्ये गाजलेल्या विल्यम पामर विषप्रयोग खटल्यात ते बचाव पक्षाच्या वकिलांपैकी एक होते. पामरला फाशी झाली. १८७१ मध्ये ग्रोव्ह न्यायाधीश झाले, पुढच्या वर्षी सर ही पदवी मिळाली. १ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.

तोपर्यंत स्पटरिंग म्हणजे बहुतेकांना डिस्चार्ज ट्यूबची काच काळी करणारी कटकटच वाटायची. १९०७ मध्ये जर्मनीत कार्ल बेडेकर यांनी काचेवर कॅडमियमचा पातळ थर बसवून त्याचं ऑक्साईड केलं, तर तो थर पारदर्शक निघाला आणि त्यातून वीजही वाहिली. आज तेच काम मुख्यतः इंडियम टिन ऑक्साईड करतं. व्हॅक्यूम चेंबरमध्ये आरगॉनचे आयन टार्गेटवर आदळतात, अणू उडतात आणि काचेवर केसापेक्षा शेकडो पट पातळ थर जमतो. प्रकाश आरपार जातो, करंटही वाहतो. टचस्क्रीन आणि एलसीडी यावरच चालतात.

मित्रांनो, कोअरमध्ये जायचं की पगार बघायचा, हा वाद आपल्या कट्ट्यावर रोजचाच आहे. ग्रोव्ह यांनी पोटासाठी वकिली केली, त्यात काही कमीपणा नव्हता. पण ज्याचं कुतूहल वाटतं ते काम त्यांनी सोडलं नाही. त्यांच्या हयातीत त्या डागाची किंमत फारशी कुणाला कळली नाही. आज आपण रोज त्याच्यावरून बोट फिरवतो.