नदीचे चित्रकार सिस्ले

मित्रांनो, पूर आला की आपण सामान हलवतो आणि उंचावर जातो. पण पुराच्या काठी रंगांची पेटी घेऊन उभे राहणारे एक चित्रकार होऊन गेले. त्यांचे नाव आल्फ्रेड सिस्ले.

त्यांचा जन्म ३० ऑक्टोबर १८३९ रोजी फ्रान्समधील पॅरिस शहरात झाला. आईवडील मूळचे इंग्रज. वडिलांचा व्यापार जोरात होता. मुलानेही व्यापार शिकावा म्हणून त्यांनी त्याला लंडनला पाठवले. पण पोराचे मन हिशेबाच्या वहीत काही रमेना! तो परत आला आणि १८६२ साली ग्लेअर नावाच्या चित्रकाराकडे शिकू लागला. तिथे त्याला मोने आणि रेन्वार हे मित्र भेटले.

त्या काळी मोठी चित्रे खोलीत बसून पुरी करायची पद्धत होती. हे मित्र मात्र उघड्यावर जाऊन, समोरचे ऊन आणि आभाळ बघत चित्र रंगवायचे.

१८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. त्यात वडिलांचा धंदा बुडाला. घरून येणारे पैसे थांबले. पदरी दोन लेकरे. आता चित्रे विकून पोट भरायचे, पण घेणार कोण? १८७४ साली मित्रांनी मिळून प्रदर्शन भरवले, तर लोक हसले. तरी सिस्ले यांनी ब्रश खाली ठेवला नाही.

१८७६ साली सेन नदीला पूर आला. पोर्ट-मार्ली गावाच्या रस्त्यात पाणी शिरले. सिस्ले यांनी त्या पुराची अनेक चित्रे काढली. त्यातले एक फार प्रसिद्ध आहे. डावीकडे एक दुकानाचे घर पाण्यात उभे आहे. रस्त्यावर गाड्यांऐवजी होड्या आहेत. वर मोठे ढगाळ आभाळ, आणि तेच आभाळ खाली पाण्यात उतरले आहे. चित्रात आरडाओरडा नाही, सगळे कसे शांत आहे. जवळून पाहिले तर पाणी म्हणजे नुसते रंगाचे फटकारे. चार पावले मागे सरा, की पाणी हलताना दिसते! आभाळ म्हणजे नुसता मागचा पडदा नव्हे, असे सिस्ले मानत.

पुढे ते ल्वॅं नदीकाठच्या मोरे गावी राहिले. तिथेही नदी, पूल आणि झाडे रंगवत राहिले. गरिबी मात्र सुटली नाही. २९ जानेवारी १८९९ रोजी घशाच्या कर्करोगाने ते वारले.

आणि काय झाले बघा! पुढच्याच वर्षी, १९०० साली, तेच पुराचे चित्र ४३,००० फ्रँकला विकले गेले. आज ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. ही किंमत पाहायला सिस्ले नव्हते. पण किंमत येईल म्हणून त्यांनी ते काढलेच नव्हते. समोरचे पाणी त्यांना मनापासून आवडले होते.

मित्रांनो, नदीचे चित्र बघताना घाई करू नका. आधी आभाळ बघा, मग तेच आभाळ पाण्यात शोधा.