कमला सोहोनी : दोन नावांची एक निबंधसूची

जीवरसायनशास्त्राच्या जुन्या नियतकालिकांतील के. भागवत आणि पुढील काळातील के. सोहोनी या एकच व्यक्ती होत, हे केवळ सूची चाळणाऱ्याच्या ध्यानात येण्यासारखे नाही. कमला सोहोनी यांचे नाव महाराष्ट्रात परिचित आहे ते बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी झगडून मिळविलेल्या प्रवेशामुळे. आत गेल्यावर त्यांनी काय केले, याविषयी त्या मानाने फारच थोडे बोलले जाते.

त्यांचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. वडील नारायणराव व चुलते माधवराव भागवत हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि त्याच संस्थेत शिकलेले. थोरली बहीण दुर्गा भागवत पुढे मराठी साहित्यात व लोकसंस्कृतीच्या अभ्यासात ख्यातनाम झाली. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमलाबाईंनी बंगलोरला अर्ज केला, तेव्हा त्याच वर्षी संचालकपदी आलेल्या सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी अर्जदार स्त्री आहे एवढ्याच कारणास्तव तो नाकारला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर : पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून गणना नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा, प्रसंगी रात्रीही, काम करावयाचे, आणि पुरुष सहकाऱ्यांचे चित्त विचलित होऊ द्यावयाचे नाही. पदार्थविज्ञानातील नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्याने ही शेवटची अट घालावी, याचे नवल आज वाटल्यावाचून राहत नाही.

एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी कडधान्यांतील प्रथिनेतर नायट्रोजनाचा अभ्यास केला. तो निबंध १९३५ मध्ये, म्हणजे प्रवेशानंतर दोनच वर्षांत, इंग्लंडच्या ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर रामन यांनीही त्यांना नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता दिली होती, आणि पुढे संस्थेचे दार इतर स्त्रियांनाही खुले झाले.

१९३७ मध्ये त्या केंब्रिजला फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. डेरेक रिक्टर यांच्यासह ॲड्रेनॅलिनवरील आणि १९३९ मध्ये ब्लाश्को व रिक्टर यांच्यासह अमाइन ऑक्सिडेज या विकरावरील निबंध त्यांच्या नावाने आले. शरीरातील ॲड्रेनॅलिनसारख्या अमाइनांचे ऑक्सिडीकरण हे विकर घडवून आणते. क्षयावरील इप्रोनियाझिड हे औषध त्याच विकराला रोखते असे १९५२ मध्ये आढळले, आणि नैराश्यावरील औषधांची एक संपूर्ण शाखा त्यातून निघाली. औषधशास्त्राचा विद्यार्थी या विकराच्या मुळाशी जाऊ लागला की त्याला भागवत हे नाव भेटते. ते एका मराठी तरुणीचे आहे हे मात्र त्याला कोण सांगणार? योगायोग असा की, या विकराचा पहिला शोध १९२८ मध्ये केंब्रिजलाच लावणाऱ्या मेरी हेअर याही विवाहानंतर बर्नहाइम या नावाने लिहू लागल्या.

पुढे रॉबिन हिल यांच्याकडे त्यांनी वनस्पतींच्या श्वसनाकडे मोर्चा वळविला. बटाट्यावर काम करीत असता वनस्पतींतही सायटोक्रोम सी असल्याचे त्यांनी दाखविले. या विषयावरील त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध अवघ्या ४० पानांचा होता. प्रबंधाचे मोल वजनावर करणाऱ्यांनी हा आकडा ध्यानी ठेवावा.

१९६४ पासून निघू लागलेल्या विज्ञान-उल्लेख सूचीत जुना निबंध पहिल्या लेखकाच्या नावाखालीच नोंदला जाई. १९३९ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला वनस्पतींवरील टिपणवजा निबंध त्यामुळे हिल यांच्या खाती पडतो. १९५१ चा त्याच विषयावरील विस्तृत निबंध भागवत या नावाखाली येतो, वास्तविक १९४७ मध्येच त्या विवाहाने सोहोनी झाल्या होत्या. वाल व डबल बीन यांतील ट्रिप्सिनरोधक द्रव्ये स्फटिकरूपात वेगळी केल्याचे १९५५ चे काम सोहोनी या नावाखाली. एका आयुष्याची मोजणी अशी तीन ठिकाणी विखुरली, आणि प्रत्येक ठिकाणी ती अपुरी दिसते.

१९३९ मध्ये मायदेशी परतल्यावर त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात आणि नंतर कुन्नूरच्या पोषण-संशोधन प्रयोगशाळेत काम केले. विवाहानंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी जीवरसायनशास्त्र शिकविले, नीरेच्या पोषणमूल्याचा अभ्यास केला आणि अखेर त्या संस्थेचे संचालकपदही भूषविले. नीरेवरील कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे अन्नभेसळीच्या प्रश्नावर भारतीय ग्राहक मार्गदर्शन संस्थेतही त्या वावरल्या. १९९८ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार योजला. त्या समारंभातच त्या कोसळल्या, आणि थोड्याच अवधीत त्यांचे निधन झाले.