वाल्डेमार हाफकिन : आधी स्वतःला लस टोचून घेणारा शास्त्रज्ञ



मुंबईत परळला हाफकिन संस्था आहे, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असतं. पोलिओच्या थेंबांमुळे आणि सर्पदंशावरच्या औषधामुळे हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचलं आहे. पण हे हाफकिन कोण होते, असं मुलांना विचारून बघा. कुणीतरी इंग्रज साहेब असतील, असंच उत्तर बहुधा येईल. खरं तर ते इंग्रजही नव्हते आणि वैद्यकाची पदवी घेतलेले डॉक्टरही नव्हते. तरीही पटकी आणि प्लेग या दोन जीवघेण्या रोगांवरच्या लशी त्यांनी तयार केल्या, आणि त्यातली प्लेगची लस तर आपल्या मुंबईतच जन्मली. आज त्यांचं चरित्र पाहू या. लस खरंच काम करते का, हे कसं ठरवायचं, या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

जन्म आणि शिक्षण

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा या शहरात, एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आता ते युक्रेनमध्ये आहे. तिथल्या विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकोव्ह यांच्यासारखे गुरू लाभले. शरीरातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात, हा शोध लावणारे आणि पुढे १९०८ साली नोबेल मिळवणारे हेच ते मेचनिकोव्ह.

तो काळ ज्यू लोकांसाठी फार वाईट होता. त्यांच्या वस्त्यांवर हल्ले होत होते. तरुण हाफकिन आपल्या वस्तीच्या रक्षणासाठी उभे राहिले, जखमी झाले आणि वर तुरुंगातही गेले. मेचनिकोव्ह यांनी रदबदली केली म्हणून ते सुटले. शिक्षणात हुशार असूनही धर्म बदलल्याशिवाय त्यांना प्राध्यापकाची जागा मिळणार नव्हती. त्यांनी धर्म बदलला नाही, नोकरीवर पाणी सोडलं. १८८८ मध्ये ते जिनिव्हाला गेले आणि पुढच्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले. तिथे सुरुवातीला काम मिळालं ते ग्रंथालयात! दिवसा पुस्तकं सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसायचं, असा त्यांचा क्रम होता.

पटकीची लस

पटकी, म्हणजे कॉलरा, त्या काळी साऱ्या जगाला छळत होता. हाफकिन यांनी पटकीचे जंतू प्रयोगशाळेत वाढवले आणि त्यांचा जोर कमी करून त्यापासून लस बनवली. ही लस प्राण्यांवर चालली, पण माणसावर चालेल का? १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलं, आणि थोड्याच दिवसांत ते बरे झाले. त्यानंतरच त्यांनी ती मित्रांना दिली.

आता लस खरी कसाला लागायची तर जिथे पटकी दरवर्षी येते तिथेच जायला हवं होतं. भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. त्यांच्या मदतीने वाट मोकळी झाली आणि मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला पोहोचले.

कलकत्त्यातली काँठालबागान ही वस्ती (नावाचा अर्थ फणसाची बाग) त्यांच्या कामात महत्त्वाची ठरली. १८९४ मध्ये तिथे पटकीने दोन बळी घेतले. वस्तीत साधारण २०० माणसं होती, त्यातल्या ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर तिथे आणखी १० जणांना पटकी झाली आणि ७ जण दगावले. हे दहाही जण लस न घेतलेल्यांपैकी होते. घर तेच, पाणी तेच, फरक फक्त लशीचा. हाफकिन यांची कामाची रीत इथे नीट दिसते. लस देऊन ते पुढच्या गावाला निघून जात नसत. घेतलेले किती, न घेतलेले किती, आजारी कोण पडलं, याची ते नोंद ठेवत. पहिल्या अडीच वर्षांत त्यांनी चाळीस हजारांवर लोकांना लस दिली. या धावपळीत त्यांना हिवताप जडला आणि काही काळ युरोपात परतावं लागलं.

मुंबईतला प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. हे व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफडे गावचे. सरकारने हाफकिन यांना तातडीने मुंबईला बोलावलं. ऑक्टोबरमध्ये ते आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळालं काय? एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्याच सामग्रीवर त्यांनी काम सुरू केलं.

मांसाच्या काढ्यात ते प्लेगचे जंतू वाढवत. काढ्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की जंतूंची वाढ त्या थेंबांना धरून, छतावरून लोंबणाऱ्या जाळ्यांसारखी खाली उतरते, असं त्यांच्या लक्षात आलं. पुरेशी वाढ झाली की काढा तापवून ते सगळे जंतू मारत. मेलेले जंतू रोग देऊ शकत नाहीत, पण शरीराला त्यांची ओळख पटते आणि खरा शत्रू आला की शरीर तयार असतं. लशीचं मर्म ते हेच.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस पुन्हा आधी स्वतःला टोचून घेतली. नेहमीच्या मात्रेपेक्षा ही मात्रा बरीच मोठी होती. ताप भरपूर आला, पण ते काम करत राहिले.

भायखळ्याचा तुरुंग

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. दीडशेच्या आसपास कैदी आपखुशीने लस घ्यायला पुढे आले, बाकीच्यांनी घेतली नाही. सगळ्यांचं जेवण एक, कोठड्या त्याच, दिनक्रमही एकच. पुढच्या दिवसांत काय घडलं ते बघा. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ जण मेले. लस घेतलेल्यांपैकी दोघांना प्लेग झाला, मृत्यू एकही नाही.

हा काळ आपल्या महाराष्ट्रासाठी किती कठीण होता, हे आपण इतिहासात शिकवतोच. १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांचं निधन झालं. पुण्यात सोजिरांकडून होणाऱ्या घरझडत्यांमुळे लोक चिडलेले होते. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारी माणूस सुई घेऊन आला की दार लावून घ्यावं, असं लोकांना वाटलं तर नवल काय! अशा वेळी जबरदस्तीने नव्हे, तर विश्वासानेच लस पोहोचणार होती. जेमतेम विशीतल्या आगाखानांनी सर्वांसमक्ष स्वतः लस घेतली आणि त्यांचा खोजा समाज मोठ्या संख्येने पुढे आला. त्यांनी प्रयोगशाळेसाठी माझगावात जागाही दिली. १० ऑगस्ट १८९९ रोजी ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली.

मुल्कोवालची दुर्घटना

इथपर्यंत गोष्ट यशाची आहे. पण मुलांना पुढचा भाग सांगितल्याशिवाय हे चरित्र पुरं होत नाही.

१९०२ मध्ये पंजाबात लसीकरणाची मोठी मोहीम होती. ३० ऑक्टोबरला मुल्कोवाल गावात (आता ते पाकिस्तानात आहे) १०७ जणांना लस दिली गेली. काही दिवसांनी त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. या एकोणीसही जणांना एकाच बाटलीतली लस दिली होती. त्या दिवशी वापरलेल्या बाकीच्या बाटल्यांतून लस घेतलेल्या एकालाही धनुर्वात झाला नाही.

दोष कुणाचा? मागणी फार वाढली म्हणून हाफकिन यांनी लस बनवण्याच्या रीतीत एक बदल केला होता. पूर्वी तापवल्यानंतर लशीत कार्बोलिक आम्ल घालत, ते त्यांनी बंद केलं आणि नुसत्या उष्णतेवर भर दिला. पाश्चर संस्थेत हीच रीत आधीपासून वापरात होती. पण मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या चौकशी समितीने बोट ठेवलं ते प्रयोगशाळेवरच. हाफकिन यांना कामावरून दूर केलं गेलं. त्यांना लंडनला जावं लागलं.

समितीचा अहवाल लोकांसमोर यायला १९०६ साल उजाडलं. तो बारकाईने वाचल्यावर एक गोष्ट उघड झाली. गावात बाटलीचं बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आपण सहावी-सातवीच्या मुलांनाही सांगतो. शिवाय लस मुंबईतच बिघडली असती, तर इतक्या दिवसांनी बाटली उघडताच घाण वास यायला हवा होता. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरांनी मात्र असा वास आला नसल्याचं सांगितलं होतं. मलेरियाच्या शोधासाठी नोबेल मिळालेले रोनाल्ड रॉस हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. जुलै १९०७ मध्ये रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांचं पत्र लंडनच्या वर्तमानपत्रात छापून आलं. अखेर नोव्हेंबर १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. त्यात पाच वर्षं गेली होती.

ते कलकत्त्याला परतले, पण लस बनवण्याचं आणि ती माणसांवर वापरून बघण्याचं काम त्यांना पुन्हा मिळालं नाही. निवृत्तीनंतर ते युरोपात राहिले. लग्न त्यांनी केलं नाही. आपली जमापुंजी त्यांनी ज्यू धार्मिक शिक्षणासाठी ठेवली. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव देण्यात आलं. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचं निधन झालं. १९६४ मध्ये भारताने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढलं.

वर्गात सांगताना

मित्रहो, हे चरित्र सांगून झालं की फळ्यावर दोन रकाने आखा. एकात लिहा ‘लस घेतलेले’, दुसऱ्यात ‘न घेतलेले’. भायखळ्याचे आकडे मांडा आणि यावरून काय दिसतं, हे मुलांनाच सांगू द्या. मग पुढचा प्रश्न टाका : लस घ्यायला पुढे आलेले कैदी मुळातच जास्त धट्टेकट्टे असतील तर? प्रश्न योग्यच आहे. म्हणूनच आजच्या संशोधनात कोण कोणत्या गटात जाणार, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं नशिबावर सोडतात. एका गटाला खरी लस, दुसऱ्याला नुसतं निरुपद्रवी इंजेक्शन. कोणाला काय दिलंय, हे देणाऱ्या डॉक्टरलाही ठाऊक नसतं. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत असे सुमारे २५,८०० स्वयंसेवक होते. आकडा मोठा झाला, नियम कडक झाले, पण दोन गटांची तुलना ही कल्पना भायखळ्याचीच.

मुल्कोवालबद्दल बोलताना ते झाकू नका. पालकांच्या मनात लशीची भीती असते, आणि ती हसण्यावारी नेऊन जात नाही. तिथे १९ माणसं खरोखर गेली. त्यांच्या घरच्यांना खरं कारण कळण्याचा हक्क होता, आणि हाफकिन यांनाही. ते कारण सापडलं ते एकेका बाटलीचा हिशेब ठेवला होता म्हणून आणि तो कुणीतरी नीट वाचला म्हणून. घाईने ठरवलेला दोषी आणि पुराव्याने ठरलेलं कारण यांतला फरक मुलांना याहून चांगल्या उदाहरणाने क्वचितच सांगता येईल.

शेवटी मुलांसाठी एक गृहपाठ : घरातल्या आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी कोणत्या रोगांची साथ यायची आणि आता त्यातल्या कोणत्या दिसत नाहीत. आलेली उत्तरं वर्गात एकत्र करून त्यांचा तक्ता भिंतीवर लावा.