तालुक्याच्या गावातला डॉक्टर : रॉबर्ट कॉख

जून २०२० मध्ये आपल्या जिल्ह्यातलं लोणार सरोवर गुलाबी झालं, तेव्हा मी शाळेत होते. पुण्याच्या आघारकर संस्थेने पाणी तपासून सांगितलं की हे खारट पाण्यात राहणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचं काम आहे. डोळ्यांना न दिसणारा जीव ओळखतात तरी कसा? हा प्रश्न मला रॉबर्ट कॉख यांच्यापर्यंत घेऊन गेला.

कॉख यांचा जन्म ११ डिसेंबर १८४३ रोजी जर्मनीतल्या क्लाउस्थाल या खाणींच्या गावी झाला. डॉक्टर झाल्यावर १८७२ मध्ये ते वोलश्टाइन या छोट्या गावी सरकारी वैद्यकीय अधिकारी म्हणून गेले. तिथे गुरं-मेंढ्या अँथ्रॅक्सने, म्हणजे आपल्याकडच्या फाशी रोगाने मरत होती. जवळ ना विद्यापीठ, ना लॅब. दवाखान्याच्या खोलीतच पडदा लावून त्यांनी काम सुरू केलं. मायक्रोस्कोप पत्नी एमीने दिलेला! मेलेल्या जनावराच्या रक्तातले जंतू त्यांनी बैलाच्या डोळ्यातल्या पाण्यात वाढवले, मग उंदरांना टोचले. तोच रोग झाला. १८७६ मध्ये त्यांनी हे प्रयोग ब्रेस्लाउच्या फर्डिनांड कोन यांना दाखवले. जंतूंचं आकारावरून वर्गीकरण करणारे हेच ते कोन. त्यांनी कॉख यांचा शोध लगेच छापला.

पण एका थेंबात अनेक जातींचे जंतू असतात, त्यातला गुन्हेगार कोणता? प्रोजेक्ट चालत नसला की आपण एकेक पार्ट वेगळा करून तपासतो ना, तसंच त्यांनी केलं. उकडलेल्या बटाट्याच्या कापावर वेगवेगळे ठिपके उगवतात आणि एका ठिपक्यात एकच जात असते, हे त्यांनी हेरलं. पुढे बटाट्याऐवजी जिलेटिन आलं. त्यानंतर फॅनी हेसे यांनी स्वयंपाकघरातलं अगार सुचवलं. आजही लॅबमध्ये तेच वापरतात.

२४ मार्च १८८२ रोजी त्यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला. म्हणूनच त्या तारखेला जागतिक क्षयरोग दिन असतो. मग कॉलऱ्याच्या मागावर ते इजिप्तमार्गे कलकत्त्याला आले. स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू त्यांना कॉलऱ्याने मेलेल्यांच्या आतड्यात सापडला आणि १८८४ मध्ये लोक पाणी भरत त्या तळ्यातही. रोगी आणि पाणी, दोन्हींचे नमुने जुळले! इटलीच्या पाचिनी यांनी तो १८५४ मध्येच पाहिला होता, पण तिकडे कुणी लक्षच दिलं नव्हतं.

कॉख चुकलेही. १८९० मध्ये त्यांनी क्षयावर ट्युबरक्युलिन हे औषध घाईने पुढे केलं. ते फसलं आणि रोग्यांचा विश्वासघात झाला. जंतू ओळखताना दाखवलेला धीर तेव्हा मात्र सुटला. तरी १९०५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. २७ मे १९१० रोजी ते वारले.

आज जंतूची जात ठरवताना त्याचे जीन्सही वाचतात, कारण कित्येक जंतू प्लेटवर वाढतच नाहीत. पण जे वाढतात, ते आजही कॉख यांच्याच पद्धतीने आधी वेगळे करतात. हैदराबादच्या सीसीएमबीच्या शास्त्रज्ञांनी लोणारच्या पाण्यातून असाच एक नवा जंतू वेगळा केला. २०१२ मध्ये त्याचं नाव ठरलं, सेसेंबिया लोनारेन्सिस. आपल्या लोणारचं नाव जगाच्या यादीत गेलं!

मोठ्या शहरात ॲडमिशन मिळाली नाही म्हणून पहिल्या वर्षी मी खूप रडगाणं गायलं. इथे काय होणार, असं आपण सगळेच म्हणतो. आता तसं म्हणायला लागले की मला पडद्यामागची ती लॅब आठवते आणि मी गप्प बसते.